शंभर वर्षांचा पूर : प्रादेशिक वारंवारता विश्लेषणाची एक चिकित्सा

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील नदीकाठच्या नगरांच्या विकास आराखड्यांवर दोन रेषा आखलेल्या असतात. निळ्या पूररेषेने सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा दर्शविली जाते. नदीच्या स्थिर पात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्ग हा तिचा पर्यायी निकष आहे. लाल पूररेषा सरासरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. नदीपात्र व निळी रेषा यांमधील भूभाग निषिद्ध, तर निळ्या व लाल रेषांमधील भूभाग नियंत्रित मानला जातो. घर बांधण्याची परवानगी, जमिनीचा भाव, कर्जाची शक्यता आणि पुनर्वसनाचा हक्क या साऱ्या गोष्टी रेषेच्या कोणत्या बाजूस भूखंड आहे यावर ठरतात.

या रेषा पाहणाऱ्यास त्या गावच्या शिवेसारख्या निश्चित वाटतात. वस्तुतः ती एका सांख्यिकीय अनुमानाची दृश्य रूपे आहेत. प्रत्येक अनुमानास त्याची गृहीतके असतात आणि चुकीची शक्यताही असते. अतिवृष्टी व महापूर यांच्या जोखमीचे अनुमान कसे केले जाते, प्रादेशिक वारंवारता विश्लेषण ही पद्धती त्यात कोणती भर घालते, आणि सह्याद्रीच्या प्रदेशात तिची गृहीतके कितपत टिकतात, यांची चिकित्सा करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे. पद्धती मुळातच सदोष आहे, असे येथे प्रतिपादन नाही. पद्धतीने स्वतः मान्य केलेली अनिश्चितता कार्यालयीन वापरात गळून पडते आणि तिची किंमत नदीकाठच्या रहिवाशांना मोजावी लागते, हा या चिकित्सेचा मुख्य मुद्दा आहे.

आवर्तन काल : संज्ञा आणि तिचा विपर्यास

'शंभर वर्षांचा पूर' या शब्दप्रयोगातून असा पूर एकदा येऊन गेला की पुढील शतक निर्धास्त गेले, असा समज होतो. संख्याशास्त्राला हा अर्थ अभिप्रेत नाही. कोणत्याही एका वर्षी त्या पातळीचा किंवा त्याहून मोठा पूर येण्याची संभाव्यता एक टक्का आहे, एवढेच त्यातून सांगितले जाते. एमिल गुंबेल या संख्याशास्त्रज्ञाने १९४१ मध्ये नदीविसर्गांच्या संदर्भात आवर्तन कालाची संकल्पना मांडली, तेव्हाही ती सरासरी कालांतराची संकल्पना होती, वेळापत्रकाची नव्हती.

साध्या गणिताने हा भेद स्पष्ट होतो. घराचे आयुष्य ३० वर्षे धरले, तर त्या काळात शंभर वर्षांचा पूर किमान एकदा येण्याची संभाव्यता २६ टक्के भरते. पंचवीस वर्षांच्या पुरासाठी तीच संभाव्यता सुमारे ७१ टक्के होते. म्हणजे निळ्या रेषेच्या काठावर बांधलेले घर कर्ज फिटण्यापूर्वी पाण्यात जाणे, हीच अधिक संभाव्य घटना आहे. संपूर्ण १०० वर्षांच्या अवधीतही शंभर वर्षांचा पूर खात्रीने येतोच असे नाही. त्याची संभाव्यता ६३ टक्के आहे.

याच गणिताची दुसरी बाजूही ध्यानात घेणे आवश्यक आहे. परस्परांपासून स्वतंत्र अशी ५० केंद्रे घेतली, तर त्यांपैकी किमान एका केंद्रावर एखाद्या वर्षी शंभर वर्षांची घटना घडण्याची संभाव्यता सुमारे ४० टक्के असते. त्यामुळे विस्तीर्ण प्रदेशात कोठे ना कोठे 'शतकातील विक्रमी पाऊस' वारंवार नोंदला जाणे हे एकट्याने हवामानबदलाचा पुरावा ठरत नाही. मात्र एकाच नदीच्या एकाच ठिकाणी असे पूर लागोपाठ येऊ लागले, तर प्रश्न वेगळा होतो. खरोखर शंभर वर्षांच्या ठरणाऱ्या तीन घटना एकाच ठिकाणी सतरा वर्षांत घडण्याची संभाव्यता दहा हजारांत सुमारे सहा एवढीच आहे. कृष्णा-पंचगंगेच्या काठाने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर सतरा वर्षांत पाहिले. ते तिन्ही पूर शतकात एकदा येणाऱ्या प्रतीचे होते असे म्हणावयाचे असेल, तर हा अत्यल्प योगायोग स्वीकारावा लागतो. तो स्वीकारावयाचा नसेल, तर आवर्तन कालाचे जुने अनुमान तपासावे लागते. तिसरी वाट नाही.

पुच्छाचा प्रश्न

महत्तम मूल्यांच्या वितरणाचा सैद्धांतिक पाया फिशर व टिपेट यांनी १९२८ मध्ये घातला आणि ग्नेडेंको यांनी १९४३ मध्ये तो पक्का केला. मोठ्या नमुन्यांतील महत्तम मूल्ये योग्य प्रमाणीकरणानंतर तीनच प्रकारच्या वितरणांकडे झुकतात, हे त्यांच्या विवेचनाचे सार होय. जेन्किन्सन यांनी १९५५ मध्ये हे तिन्ही प्रकार एका सूत्रात आणले. त्यातील आकार प्राचल शून्य असेल, तर गुंबेल वितरण मिळते. पुच्छ जड असेल, म्हणजे अतिविशाल घटनांची संभाव्यता मंद गतीने घटत असेल, तर फ्रेशे वितरण मिळते. भारतीय अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत व व्यवहारात दीर्घकाळ गुंबेल वितरणाचेच प्राबल्य राहिले. ते सोपे आहे, दोनच प्राचलांवर चालते आणि आलेखपत्रावर सरळ रेषा देते.

ही सोय किती महाग पडू शकते, हे एका काल्पनिक केंद्राच्या उदाहरणाने दाखविता येते. वार्षिक महत्तम एकदिवसीय पावसाचा स्थान प्राचल १५० मि.मी. आणि विस्तार प्राचल ५० मि.मी. मानू. गुंबेल वितरणानुसार दोन वर्षांच्या आवर्तन कालाचा पाऊस १६८ मि.मी. येतो. आकार प्राचल ०.१५ इतका जड धरला, तर तो १६९ मि.मी. येतो. दोहोंत फरक जवळपास नाही. २५ वर्षांसाठी ही मूल्ये अनुक्रमे ३१० व ३५५, १०० वर्षांसाठी ३८० व ४८१, आणि १००० वर्षांसाठी ४९५ व ७५६ मि.मी. होतात. ज्या टप्प्यात निरीक्षणे विपुल असतात तेथे दोन्ही वितरणे एकसारखी दिसतात. ज्या टप्प्यात पूल, धरणे आणि पूररेषा ठरतात, तेथेच ती एकमेकांपासून दूर जातात. निरीक्षणांच्या आधारे दोहोंतून निवड करणे म्हणूनच कठीण असते.

मुंबईतील सांताक्रूझ केंद्रावर २६ जुलै २००५ च्या पर्जन्यदिवसात ९४४ मि.मी. पाऊस नोंदला गेला. उपरोक्त काल्पनिक केंद्रावर एवढा पाऊस झाला असता, तर गुंबेल वितरणाने त्याचा आवर्तन काल सुमारे ८० लाख वर्षे सांगितला असता; जड पुच्छाच्या वितरणाने सुमारे ३४०० वर्षे. पहिले उत्तर 'हे घडूच शकत नव्हते' असे सांगते. दुसरे उत्तर सांगते की घटना अतिदुर्मिळ होती, पण कल्पनेबाहेरची नव्हती. आपत्तीनंतर 'अभूतपूर्व' या शब्दाने जबाबदारीचा प्रश्न मिटविला जातो. त्या शब्दाचे सांख्यिकीय वजन बहुधा अशा वितरणाच्या निवडीवरच उभे असते.

आता नमुन्याच्या आकाराचा विचार करू. ४० वर्षांच्या नोंदी हाती आहेत आणि गुंबेल वितरण तंतोतंत योग्य आहे असे मानले, तरी वरील उदाहरणात १०० वर्षांच्या अनुमानाची प्रमाणत्रुटी सुमारे ३२ मि.मी. भरते. म्हणजे ९५ टक्के विश्वास अंतराल साधारणतः ३१७ ते ४४३ मि.मी. एवढा रुंद होतो. जड पुच्छाने दिलेले ४८१ मि.मी. हे मूल्य या अंतरालाच्याही बाहेर पडते. याचा अर्थ असा, की अनुमानासोबत अंतराल दिला तरी वितरणाच्या निवडीतील अनिश्चितता त्यात समाविष्ट झालेली नसते. अंतरालच दिला नाही, तर दोन्ही प्रकारच्या अनिश्चितता अदृश्य होतात.

काळाची उणीव, स्थळाची उसनवारी

एका केंद्राच्या ४० वर्षांच्या नोंदींवरून शतकाचे अनुमान काढणे अवघड असेल, तर शेजारच्या केंद्रांच्या नोंदी एकत्र कराव्यात, हा प्रादेशिक विश्लेषणाचा मूळ विचार आहे. डॅलरिंपल यांनी १९६० मध्ये मांडलेली निर्देशक पूर पद्धती याच विचारावर उभी आहे. प्रत्येक केंद्राची मूल्ये त्या केंद्राच्या सरासरीने भागली, तर एकजिनसी प्रदेशातील सर्व केंद्रांना एकच वृद्धिवक्र लागू पडतो, असे तिचे गृहीतक होय. हॉस्किंग व वॉलिस यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात रेषीय परिबलांच्या आधारे या पद्धतीला काटेकोर रूप दिले. विसंगत केंद्रे ओळखण्याचे माप, प्रदेशाच्या विषमतेचे माप आणि वितरणाच्या योग्यतेचे माप अशी तीन साधने त्यांनी दिली. विषमतेचे माप एकपेक्षा कमी असल्यास प्रदेश एकजिनसी मानावा आणि दोनच्या पुढे गेल्यास निश्चितपणे विषम मानावा, असा त्यांचा निर्देश आहे.

या पद्धतीचे श्रेय नाकारता येत नाही. प्रदेश थोडाफार विषम असला तरी एकाच केंद्रावर विसंबण्यापेक्षा प्रादेशिक अनुमान सामान्यतः अधिक स्थिर असते, हे हॉस्किंग व वॉलिस यांनी दाखविले आहे. २००५ पूर्वी व २००५ नंतर केवळ सांताक्रूझच्या नोंदींवरून अनुमान काढले, तर एका दिवसाच्या पावसाने सारे चित्र पालटते. प्रादेशिक पद्धती असा हेलकावा आवरते.

तथापि उसनी घेतलेली वर्षे स्वतःच्या वर्षांइतकी मोलाची नसतात. वीस केंद्रांच्या प्रत्येकी ४० वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या, तर कागदावर ८०० केंद्रवर्षे जमतात. पण एकच कमी दाबाचा पट्टा एकाच आठवड्यात त्यांतील अनेक केंद्रांना भिजवतो. अशा परस्परावलंबी नोंदींमुळे अनुमान एका बाजूस फारसे झुकत नाही, मात्र त्याची त्रुटी वाढते. ८०० केंद्रवर्षांचा आभास असतो, स्वतंत्र माहिती त्याच्या काही अंशाइतकीच असते. हा अंश न सांगता केंद्रवर्षांची एकूण संख्या सांगणे ही अचूकतेची अतिशयोक्ती ठरते.

सह्याद्री आणि एकजिनसीपणाचे गृहीतक

केंद्रीय जल आयोगाने भारतीय हवामान विभाग, रेल्वे व भूपृष्ठ परिवहन विभाग यांच्या सहकार्याने देशाचे २६ जल-हवामानीय उपविभाग करून त्यांचे पूर-अनुमान अहवाल सिद्ध केले. कोकण व मलबार किनारे हे त्यांतील ५(अ) व ५(ब) उपविभाग होत. ज्या लहान व मध्यम पाणलोटांत मोजमाप नाही, तेथील पुलांसाठी व मोऱ्यांसाठी २५, ५० व १०० वर्षांचा विसर्ग ठरविण्याची सोय या अहवालांनी केली. त्यांची उपयुक्तता मोठी आहे. परंतु उपविभाग एकजिनसी 'मानलेला' असणे आणि तो एकजिनसी 'असणे' यांतील अंतर सह्याद्रीच्या परिसरात विशेष जाणवते.

महाबळेश्वरचा वार्षिक पाऊस साडेपाच ते सहा हजार मि.मी.च्या घरात आहे. तेथून अवघ्या तीस-पस्तीस किलोमीटरवरील वाईत तो एक हजार मि.मी.ही भरत नाही. निर्देशक पूर पद्धतीत सरासरीने भागल्यावर हा भेद नाहीसा होतो असे म्हटले जाईल. ते सरासरीपुरते खरे आहे. घाटमाथ्यावरील महत्तम पाऊस मोसमी वाऱ्यांना पर्वताने घातलेल्या अटकावातून पडतो. पर्जन्यछायेतील महत्तम पाऊस बहुधा गडगडाटी वादळांतून किंवा आत शिरलेल्या कमी दाबाच्या क्षेत्रांतून येतो. दोहोंची कारणे भिन्न असताना पुच्छाचा आकार एकच असेल असे मानण्यास भौतिक आधार नाही.

किनारपट्टीवरही हे गृहीतक सहज टिकत नाही. सांताक्रूझला ९४४ मि.मी. पाऊस झाला त्याच पर्जन्यदिवसात त्याच शहरातील कुलाबा केंद्राने केवळ ७३ मि.मी. पाऊस नोंदला. कुलाब्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासूनच्या असून तेथील ५ जुलै १९७४ चा ५७५.६ मि.मी. पाऊस हा शहरातील महत्त्वाचा उच्चांक मानला जात असे. एकाच महानगरातील दोन केंद्रे एकाच दिवशी इतकी भिन्न वागत असतील, तर दोन केंद्रांच्या दरम्यान कोठेही न मोजली गेलेली अतिवृष्टी किती असेल, हा प्रश्न उरतोच.

याला मोजमापाच्या अवधीची जोड मिळते. दैनिक पाऊस सकाळी साडेआठ ते साडेआठ मोजला जातो. मुसळधार पाऊस या वेळेच्या दोन्ही बाजूंना विभागला गेला, तर त्याची खरी तीव्रता नोंदीत उतरत नाही. अशा ठरावीक वेळेच्या नोंदींतील महत्तम मूल्यापेक्षा कोणत्याही सलग २४ तासांतील महत्तम मूल्य सरासरी सुमारे १३ टक्के अधिक असते. शहरी पुरासाठी तर दिवसही फार मोठा अवधी आहे. मुंबईची जुनी पर्जन्यजल वाहिनी व्यवस्था ताशी २५ मि.मी. पावसाचा निचरा गृहीत धरून रचलेली होती. सांताक्रूझला त्या दिवशी एका तासात सुमारे १९० मि.मी. पाऊस झाला. तासागणिक नोंदी ठेवणारी केंद्रे पूर्वी विरळ होती, आणि म्हणून ज्या अवधीचे अनुमान सर्वाधिक हवे असते त्याच अवधीच्या नोंदी सर्वांत तोकड्या आहेत.

पावसाकडून पुराकडे

पावसाच्या अनुमानातील उणिवा पुराच्या अनुमानात उतरतात आणि तेथे त्यांत नव्याने भर पडते. शिरोळ तालुका याचे बोलके उदाहरण आहे. तेथे स्वतःचा पाऊस बेताचा. पण गगनबावडा, राधानगरी, महाबळेश्वर व कोयनेच्या खोऱ्यात कोसळलेले पाणी पंचगंगा व कृष्णा यांच्या संगमाशी, नृसिंहवाडीच्या परिसरात एकत्र येते. आकाश निरभ्र असतानाही तेथे पाणी चढते. शिरोळच्या पुराची जोखीम शिरोळच्या पर्जन्यमापकात सापडत नाही.

शिवाय पुराच्या नोंदींची मालिका एकाच समष्टीतून आलेली आहे, हे गृहीतकही तपासावे लागते. १९६० च्या दशकात कोयना धरण उभे राहिले. पुढे अन्य धरणे झाली, पूल झाले, त्यांचे भराव नदीच्या मैदानात आले, पात्रालगत वस्ती वाढली. धरणापूर्वीचा विसर्ग व धरणानंतरचा विसर्ग ही दोन भिन्न मालिकांची मूल्ये आहेत. १९६१ मध्ये पानशेत धरण फुटून पुण्यात मुठेला आलेला लोंढा हा पर्जन्यजन्य वारंवारतेच्या मालिकेत बसूच शकत नाही. त्याची जोखीम वेगळी मोजावी लागते. २०१९ चा पूर अनेक दिवसांच्या संततधारेने आला आणि दीर्घकाळ रेंगाळला. २०२१ चा पूर जुलैच्या उत्तरार्धातील मोजक्या दिवसांच्या तीव्र पावसाने आला. पातळीच्या तक्त्यात दोन्ही शेजारी बसतात, पण त्यांची यंत्रणा एक नाही. सांगली-शिरोळच्या सपाट मैदानात पातळीचा लहानसा फरकही पाण्याला आडवे दूरवर नेतो. उभ्या अक्षावरील त्रुटी नकाशावर अनेक वस्त्यांच्या रूपाने प्रकट होते.

स्थिरतेचे गृहीतक

भूतकाळातील संभाव्यता भविष्यातही तशीच राहील, हे या सर्व गणिताचे मौन गृहीतक आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील भू. ना. गोस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मध्य भारतातील १९५१ ते २००० या काळातील नोंदींवरून अतिवृष्टीच्या घटनांत लक्षणीय वाढ दाखवून दिली. रॉक्सी कोल व सहकाऱ्यांच्या २०१७ च्या शोधनिबंधाने १९५० ते २०१५ या काळात तेथील विस्तीर्ण क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे नोंदविले. मिली व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये जलव्यवस्थापनातील स्थिरतेच्या गृहीतकाचा मृत्यू झाल्याचेच घोषित केले.

या घोषणेलाही चिकित्सेची गरज आहे. कूत्सोयानिस व मोंटानारी यांनी २०१५ मध्ये तिचा प्रतिवाद केला. तोकड्या मालिकेतून प्राचलांचा कालानुसारी कल काढू गेल्यास आणखी प्राचल अनुमानावे लागतात आणि आधीच रुंद असलेला अंतराल आणखी रुंदावतो. तेव्हा हवामानबदलाचे नाव घेऊन एखाद्या मनाजोगत्या टक्क्याने आकडा वाढविणे हा शास्त्रीय उपाय नव्हे. जुने गृहीतक डळमळले आहे, पण नवे गृहीतक अजून तितकेसे पक्के नाही, ही वस्तुस्थिती प्रामाणिकपणे मांडणे अधिक उचित होय.

निष्कर्ष

या चिकित्सेतून काही निष्कर्ष निघतात. पहिला, प्रादेशिक विश्लेषण एकाकी केंद्राच्या अनुमानापेक्षा श्रेयस्कर आहे; परंतु प्रदेशाची सीमा प्रशासकीय वा नदीखोऱ्याच्या सोयीने न आखता पावसाच्या कारणांनुसार आखली जावी आणि विषमतेची चाचणी अहवालात नमूद व्हावी. ब्रिटनमध्ये १९९९ च्या पूर-अनुमान ग्रंथाने कायमस्वरूपी प्रदेशांचा आग्रह सोडून प्रत्येक ठिकाणासाठी त्याच्याशी साधर्म्य असलेल्या केंद्रांचा स्वतंत्र गट जमविण्याची रीत स्वीकारली. घाटमाथा, कोकण व पर्जन्यछाया यांच्या संदर्भात ती विचारार्ह आहे.

दुसरा, आधुनिक नोंदींपूर्वीचा पुरावा वाया जाता कामा नये. प्रा. विश्वास काळे व त्यांच्या सहकाऱ्यांनी नर्मदेसारख्या नद्यांच्या काठी साचलेल्या गाळाच्या थरांवरून प्राचीन महापुरांचा मागोवा घेतला आहे. घाटांच्या पायऱ्या, देवळांच्या भिंती व जुने दप्तर यांतील पूरखुणांची पद्धतशीर नोंद झाली, तर ४० वर्षांच्या मालिकेला शतकांचा संदर्भ मिळू शकतो. महाविद्यालयांतील भूगोल, इतिहास व संख्याशास्त्र या विभागांना एकत्र येऊन करता येण्याजोगे हे कार्य आहे.

तिसरा व सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष लाल रेषेविषयी आहे. रेषेसोबत नोंदींचा कालखंड, वापरलेली केंद्रे, स्वीकारलेले वितरण व अनुमानाचा अंतराल जाहीर व्हावयास हवा, आणि प्रत्येक मोठ्या पुरानंतर तिचे पुनरीक्षण बंधनकारक असावयास हवे. नकाशावर एका रेषेऐवजी एक पट्टा दिसला, तर परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याची अडचण होईल, हे खरे. पण त्या पट्ट्याच्या खालच्या व वरच्या मर्यादांच्या दरम्यान राहणाऱ्या कुटुंबांची अडचण आजही आहेच. केवळ ती नकाशावर उमटत नाही. 'आपण रेषेबाहेर आहोत' या विश्वासावर त्यांनी घर बांधलेले असते. त्या विश्वासाला किती टक्क्यांचा आधार आहे, हे सांगणे संख्याशास्त्राला शक्य आहे, आणि ते जाणून घेण्याचा त्या कुटुंबांना अधिकार आहे.